शाळेच्या रजिस्टरातलं 'जि. बेळगाव'

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या जनरल रजिस्टरात जून १९५४ ची एक नोंद आहे. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव गावडे. जन्मतारीख १ जून १९४७. ही गुरुजींनी अंदाजानं घातलेली, कारण त्या पानावरची निम्मी पोरं १ जूनलाच जन्मलीत. जन्मस्थळाच्या रकान्यात गावाचं नाव आणि पुढे 'जि. बेळगाव'. तालुका लिहायचा राहिला आहे. तो लिहिला असता तर हे प्रकरण माझ्याकडे आलंच नसतं.

नावं-गावं देत नाही, दोन्ही घरांनी तसं सांगितलं आहे. त्या मुलीला आज सगळे आक्का म्हणतात, तेच पुरे. मी बेळगावात राहतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर मोडी शिकलो आणि तेव्हापासून लोकांचे जुने कागद वाचून देतो. येणारे बहुतेक जमिनीसाठी येतात. आक्काची नात २०२३ च्या दिवाळीत आली ती मात्र दुसरंच काही घेऊन. म्हणाली, "सर, आजीला तिच्या बाबांची तिथी पाहिजे."

हकिकत अशी. आक्का चार वर्षांची असताना तिची आई बाळंतपणात गेली. वडील मुंबईला गिरणीत. पोरीला आजोळी ठेवलं, आजीनं आणि मामांनी वाढवलं. वडील वर्षातून एकदा गणपतीला यायचे. शेवटचे आले ते ती पहिलीत असताना. मग त्यांनी मुंबईत दुसरं लग्न केल्याची बातमी आली आणि मामांच्या घरात त्यांचं नाव निघायचं बंद झालं. आक्काचं लग्न मामांनी लावून दिलं, कन्यादान मामा-मामींनी केलं. पुढे रीतसर संसार, चार मुलं, नातवंडं.

साठी उलटल्यावर एका पितृपक्षात तिच्या मनात आलं की बाबा आता नसणारच. तेव्हापासून सर्वपित्रीला ती एक घास जास्तीचा ठेवायला लागली. सर्वपित्री अमावास्या ही ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचीही असते. आपल्या बापाला तसल्यांच्या रांगेत बसवावं लागतं, हे तिला पंधरा वर्षं खुपत होतं.

मी हे सगळं ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं: 'वडिलांकडचे वंशज शोधणे.' तिनं मागितली तिथी, मी लिहून घेतले वंशज. या एका ओळीचा ताप पुढे वर्षभर झाला.

हाताशी तीन गोष्टी होत्या. एक, शाळेतली ती नोंद. दुसरी, ट्रंकेच्या तळाला सापडलेलं मनीऑर्डरचं कुपन. त्यावर गोल शिक्का, त्यातलं 'परळ' तेवढं वाचता येत होतं. पाठवणाऱ्याचं आडनाव मात्र गावडे नव्हतं, गावाच्या नावाला 'कर' लावलेलं होतं. आमच्या भागात हे नेहमीचं. गावात अर्धा गाव गावडे, तिथे आडनावाचा उपयोग शून्य, घराच्या नावानं माणूस ओळखतात. तोच माणूस मुंबईला गेला की गावकर होतो. त्यामुळे नुसत्या आडनावावर शोध घेणाऱ्याला गावातही काही मिळत नाही आणि मुंबईतही नाही. तिसरी गोष्ट आक्काच्या आठवणीतली: निघताना बाबा डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "रवळनाथ हाय."

शोध आधीही झाला होता. नव्वदच्या दशकात आक्काचा मुलगा हुक्केरीकडे त्याच नावाच्या गावी जाऊन आला होता. पंचायतीत विचारलं, देवळाच्या कट्ट्यावर विचारलं. लोकांनी चहा पाजला, पण गावात गावड्यांचं घर नाही आणि मुंबईला गिरणीत गेलेलं कुणी नाही. तिथे विषय मिटला. एका नावाची दोन-दोन गावं हा इकडचा जुना घोळ आहे. हलकर्णी चंदगड तालुक्यात आहे आणि गडहिंग्लज तालुक्यातही आहे. मुलाचं चुकलं असं म्हणणार नाही. कागदावर बेळगाव जिल्हा होता, त्यानं बेळगाव जिल्ह्यात शोधलं.

हेळव्यालाही विचारून झालं होतं. सीमाभागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी राखणारा. पूर्वी बैलावर बसून यायचा, आता मोटारसायकलीवर येतो. ओसरीवर बसून पिढ्या म्हणून दाखवतो, नव्या जन्मांची नोंद घेतो, धान्य किंवा पैसे घेऊन पुढच्या घरी जातो. आक्काच्या सासरचा हेळवी तिच्या नवऱ्याच्या पिढ्या न अडखळता सांगतो. पण त्याची गावं ठरलेली, घरं ठरलेली. आक्काच्या बापाचं घर त्याच्या वहीतलं नव्हे. आणि आक्का स्वतः त्या वहीत आहे ती अमक्याची बायको म्हणून.

मला स्वतःलाही तीन आठवडे उजेड पडला नव्हता, हे कबूल करतो. मी हुक्केरी झालं, चिकोडी झालं, रायबाग झालं, गावांच्या याद्या चाळत बसलो होतो. १ नोव्हेंबरला आम्ही काळा दिवस पाळतो. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी ही घोषणा लहानपणापासून तोंडपाठ. १९५६ साली आमचं काय गेलं याची यादी झोपेत विचारली तरी सांगू. पण त्याच राज्य पुनर्रचना कायद्यात बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याला देताना 'चंदगड तालुका वगळून' असे शब्द आहेत, ते डोक्यात येतच नव्हते. चंदगड मुंबई राज्यात राहिला, कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला आणि १९६० ला महाराष्ट्रात आला. म्हणजे १९५४ साली खानापूरच्या गुरुजींनी लिहिलेला 'जि. बेळगाव' आजच्या बेळगावपेक्षा मोठा होता. आक्काचं गाव त्यातून निघून गेलं होतं, जागचं न हलता.

रवळनाथाची आठवण आता कामाला आली. रवळनाथ खानापुरात आहे, गोव्यात आहे, आजऱ्यात आहे, त्यामुळे एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. पण चंदगड भागात तो गावोगावी आहे आणि यादीत बघितलं तर त्या नावाचं गाव तिकडे होतंच. फेब्रुवारीत मी आणि नात निघालो. बाची मागे टाकली की शिनोळी, तिथून चंदगड तालुका सुरू. बेळगावातून अर्ध्या तासावर. आक्का सत्तर वर्षं इकडे आणि तिचं माहेर बाचीच्या पलीकडे.

आमचं नशीब बरं होतं. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्रात २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि गावोगावची जुनी दप्तरं कपाटांबाहेर आली. मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी कचेरीत खुर्ची दिली. एरवी ज्या गठ्ठ्यासाठी महिनाभर खेपा घातल्या असत्या तो झटकून, क्रम लावून ठेवलेला होता.

त्यात आक्काच्या आजोबांच्या वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं लावल्याची नोंद, मिळाला. तीसच्या दशकातला, मोडीत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. आधी वर एक लांब रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. नाव वाचताना तोंडानं पुटपुटून बघावं लागतं. 'मयत' वाचलं, आजोबांचं नाव, 'बिन' म्हणजे पुत्र, पणजोबांचं नाव. खाली चार मुलगे, तिसऱ्याचं नाव शाळेतल्या नोंदीशी जुळणारं. मी खूश झालो, पण लगेच थांबलो, कारण दोन पानं पुढे त्याच नावाचा, त्याच बापाच्या नावाचा दुसरा माणूस होता. आजोबाचं नाव नातवाला ठेवायच्या रीतीनं असा घोटाळा प्रत्येक गावात असतो.

तो सुटला तो मुलांच्या वरच्या ओळीनं. तिथे मयताच्या विधवेचं नाव होतं: अमकी 'कोम' अमका. कोम म्हणजे बायको. ते नाव आक्काचं. माझ्या शेजारी बसलेल्या नातीनं फोन लावला, "आजी, तुझं नाव कुणाचं ठेवलंय?" पलीकडून उत्तर आलं, "बाबांच्या आईचं. ती मी व्हायच्या आधीच गेल्ती." दुसऱ्या घरातल्या फेरफारात विधवेचं नाव वेगळं होतं. आपलं घर हेच.

त्याच घराच्या पुढच्या कागदांत १९८७ चा फेरफार होता, हा साध्या बाळबोधात, म्हणजे देवनागरीत. आक्काचे वडील मयत, मृत्यूची तारीख १९८६ मधली. वारस: पत्नी, मुलगे दोन, मुलगी एक, राहणार मुंबई. आक्काचं नाव नाही. मुद्दाम वगळलं असेल असं मी म्हणत नाही. वारस नोंद घरचे सांगतात तशी होते, आणि सांगणाऱ्यांना ती माहीतच नसेल.

आता मुंबई. त्या गावाची लालबागला खोली होती. गिरण्यांच्या काळात तिकडच्या बहुतेक गावांची असायची. भाडं सगळ्यांत वाटून, पाळीप्रमाणे झोपायचं, जेवण खानावळीत. खोली आता नाही, पण ग्रामस्थ मंडळाचे एक वयस्क काका आहेत आणि त्यांच्याजवळ देवळाच्या वर्गणीची वही आहे. वहीत माणसं आडनावानं लावलेली नाहीत, घरानं लावलेली आहेत: वरलं घर, तळ्याकडचं घर. आक्काच्या वडिलांपुढे १९८१ पर्यंत दरसाल आकडा आहे. १९८२ पासून रकाना कोरा. त्या पानावर जवळजवळ सगळ्यांचाच कोरा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, दुसरं कारण शोधायला नको. काकांनी मुलांचा ठावठिकाणा सांगितला: थोरला डोंबिवलीच्या पुढे राहतो, धाकटा गेला, बहीण पनवेलला. थोरल्याच्या मुलाचा नंबरही दिला.

आता माझ्या चुकीबद्दल. मी त्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर १९८७ च्या फेरफाराचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं की तुमच्या आजोबांना पहिल्या पत्नीपासून एक मुलगी आहे, ती हयात आहे, तिचं नाव यात नाही. मला वाटलं, पुरावा दिला म्हणजे विश्वास बसेल. दोन निळ्या खुणा आल्या. संध्याकाळपर्यंत मी ब्लॉक.

त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं तेव्हा कळलं. गावाकडे सव्वा एकर सामाईक जमीन, चुलत्यांशी वाटणीचं चाललेलं. अशात अनोळखी नंबरावरून वारसाचा फेरफार येतो आणि 'एक नाव राहिलंय' असं कळतं. २००५ च्या सुधारणेनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मानं मुलाइतकाच. २००५ मध्ये वडील हयात असायची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे त्या पोराची भीती खोटी नव्हती. मी पाठवलेला कागद त्याला नोटिशीसारखाच दिसणार.

नात म्हणाली, आजीकडून हक्कसोडपत्र करून पाठवू या. मी नको म्हटलं. भेटीची फी म्हणून हक्क सोडायचा, तोही न मागता, हे मला पटलं नाही. पुढे काय करायचं ते आक्का ठरवेल, सगळं माहीत झाल्यावर.

चार महिने काही घडलं नाही. ऑगस्टमध्ये नातीचा फोन. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "सर, पण तिथीचं काय झालं?"

मी फेरफार काढला. मृत्यूची तारीख फेब्रुवारीपासून माझ्या टेबलावर होती. आक्कानं मागितलेली एकमेव गोष्ट मला पहिल्याच फेरीत मिळाली होती आणि तिच्यावरून मी वारसांच्या मागे धावत गेलो होतो. ओळखीच्या भटजींकडे १९८६ चालू असलेल्या शकाचं जुनं पंचांग होतं. दहा मिनिटांत तिथी निघाली, सप्तमी. आक्काला सांगितलं. ती फोनवर दोनदा म्हणाली, "सप्तमी. सप्तमी."

त्या वर्षी पितृपक्षात आक्कानं सप्तमीला पान ठेवलं. वडे, खीर, भाजी, सगळं साग्रसंगीत. नातीनं त्याचा फोटो मला पाठवला, मी तो मुंबईच्या काकांना पाठवला, फक्त त्यांनी मदत केली होती म्हणून. काकांनी तो गावाच्या ग्रुपवर टाकला. हे मी सुचवलं नव्हतं, सुचलंही नसतं.

तीन दिवसांनी आक्काच्या घरी फोन वाजला. सुनेनं उचलला. पलीकडे साठीतला पुरुष आवाज, ओळख न देता म्हणाला, "तिथी चुकली तुमची. आमच्याकडे अष्टमीला असतं."

त्याचं बरोबर होतं. पंचांगात तारखेसमोर असते ती सूर्योदयाची तिथी. श्राद्धाला धरतात ती मृत्यूच्या वेळेची. वडील संध्याकाळी गेले होते, तोवर सप्तमी संपून अष्टमी लागली होती. फेरफारात तारीख असते, वेळ नसते. ती घरच्यांनाच माहीत. फोन आक्काकडे गेला आणि ते पाऊण तास बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही. सून म्हणाली, सुरुवातीला बराच वेळ दोघं नुसतं जेवणात काय करतात तेच बोलत होते. ते आमसुलाची चटणी करतात, इकडे करत नाहीत.

भेट जानेवारीत झाली, चंदगडच्या गावात, वरल्या घराच्या ओसरीवर. थोरला भाऊ, त्याची बायको, पनवेलची बहीण. ज्यानं मला ब्लॉक केलं होतं तो मुलगा गाडी चालवत आला होता, माझ्याशी नमस्कारापुरतं बोलला. जमिनीचा विषय निघाला नाही. निघेल, कारण वाटणी व्हायची आहे, आणि आक्काचा मुलगा त्याबद्दल गप्प असला तरी त्याच्या डोक्यातून तो गेला आहे असं मला वाटत नाही. वकिलाकडे जायचं तर दोन्ही घरांनी एकत्र जावं, एवढं मी सांगून ठेवलं आहे.

भावानं एक प्लास्टिकची फाइल आणली होती. गिरणी कामगारांच्या घरासाठी म्हाडाकडे अर्ज करताना वडिलांचे सगळे कागद त्यानं तीत लावले होते: गेट पास, तिकीट नंबर, पगाराची चिठ्ठी. शेवटी एक पोस्टकार्ड. ते अर्जाच्या उपयोगाचं नव्हतं, पण वडिलांचं अक्षर म्हणून ठेवलेलं.

पत्त्यावर आक्काच्या मामांचं नाव, गाव, ता. खानापूर, जि. बेळगाव, आणि पुढे कंसात 'म्हैसूर राज्य'. तारीख १०-२-५७. राज्य बदलून जेमतेम तीन महिने झाले होते. परळमधल्या माणसानं ते नवं नाव जपून लिहिलं होतं, पत्र चुकू नये म्हणून. पत्र चुकलं नव्हतं. पत्त्यावर आडवी लाल शाई होती: 'घेत नाही, परत.'

आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. हे कार्ड तिला दाखवावं की नाही, हा प्रश्न कुणाला पडायच्या आधीच भावानं ते तिच्या हातात दिलं होतं. मामांनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, त्यांची मुलं आजही तिच्या शेजारी राहतात. आक्का चौथीपर्यंत शिकलेली. तिनं चष्मा लावला. आधी लाल शाईवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे पोस्टमनचं अक्षर. मामांचं न्हवं." मग कार्ड उलटलं.

मजकूर चार ओळींचा. तब्येत बरी आहे. गणपतीला रजा मिळाली नाही. पैसे पोचले का. पोरगी कितवीत गेली ते कळवावे.

आक्कानं ते सगळं वाचलं, एक एक शब्द, बोट फिरवत.

"तिसरीत हुतो की मी," ती म्हणाली.

भावाला कळलं नाही. "काय, ताई?"

"इचारलंय न्हवं ह्यात," ती म्हणाली आणि कार्ड त्याच्यापुढे धरलं.